सांडपाण्यावरची शेती : मेलबर्नचा धडा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



शहराजवळच्या नाल्यावर इंजिन बसवून भाजीपाला भिजवणारे आपल्यापैकी बरेच जण आहेत. पाणी बारमाही मिळते, खताचा खर्च वाचतो, हे खरे. पण या पाण्याला शिस्त लागते. एका समुद्रकाठच्या शहराने ती कशी लावली, ते आज सांगतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न हे पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी वसले आहे. १८५१ नंतर सोन्याच्या शोधात तेथे माणसांचा लोंढा आला, पण मैलापाण्याची सोय नव्हती. घाण उघड्या गटारांतून यारा नदीत व पुढे उपसागरात जाई. विषमज्वराने माणसे दगावत. शहराला ‘स्मेलबर्न’, म्हणजे दुर्गंधीचे गाव, असे टोपणनाव पडले.

शेवटी १८९१ साली पाणी व मलनिस्सारणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. मंडळाने पश्चिमेला वेरिबी येथे ८,००० एकरांहून अधिक जमीन घेतली. मैलापाणी उताराने स्पॉट्सवूडला आणायचे, वाफेच्या पंपांनी उचलायचे आणि पुढे शेतावर सोडायचे, अशी योजना होती. १८९७ पासून घरे जोडली जाऊ लागली.

शेतावरची पद्धत पाहा. उन्हाळ्यात पाणी जमिनीत मुरू देत. माती गाळणीचे काम करी व जिवाणू घाण कुजवत. त्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून एका पाण्यानंतर जमीन वाळू देत. मग तेथील गवतावर गुरे-मेंढ्या चारत. हिवाळ्यात जमीन पाणी कमी पिते, तेव्हा पाणी गवतातून संथपणे वाहू देत. १९३६ पासून तळ्यांची जोड मिळाली. या तळ्यांवर इतके पक्षी येऊ लागले की १९८२ मध्ये तो परिसर रामसर पाणथळींच्या यादीत गेला.

तरीही एक दोष राहिला. शेतातून निघालेल्या पाण्याबरोबर नत्र उपसागरात जात होते. ते वाढले तर शेवाळ माजते आणि मासळीला धोका होतो. १९९६ च्या अभ्यासाने नत्र कमी करण्यास सांगितले. त्यानंतर हवा खेळवणाऱ्या सुधारित तळ्यांवर भर दिला गेला आणि २००५ च्या सुमारास कच्च्या मैलापाण्याचे सिंचन थांबले. आता शुद्ध व निर्जंतुक केलेले पाणी शेजारच्या भाजीपाला उत्पादकांना मिळते. त्यातही क्षारांची अडचण आलीच. म्हणून त्यात नदीचे पाणी मिसळावे लागले.

यातून आपण काय घ्यायचे?

१. नाल्याचे कच्चे पाणी कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना देऊ नका. त्यातून जंतांची अंडी व रोगजंतू घराघरांत पोहोचतात.
२. वाफसा आल्याशिवाय पुढची पाळी देऊ नका.
३. पाण्याची व मातीची क्षारता दरवर्षी तपासून घ्या. कारखान्याचे पाणी मिसळलेला नाला टाळाच.
४. पाण्यातून नत्र मिळतेच. माती परीक्षणानुसार युरियाची मात्रा कमी करा.
५. पाणी देताना गमबूट वापरा, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा.

मेलबर्नजवळ मोठे मंडळ आणि हजारो एकर जमीन होती. आपल्याकडे दोन-चार एकर आहेत. पण आपल्या बांधावरून गेलेली भाजीची जुडी कोणाच्या तरी लेकराच्या ताटात पडते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.