दर महिन्याचे पत्र आणि लिहिणाऱ्याचा आवाज

(आनंद नगर, भोपाळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारी आली, तेव्हा तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. दैनिक, बरं का! दिवसभर शिकवायचे, मुलांचे दुखलेखुपले बघायचे आणि त्यातून वेळ काढून लिहायचे. छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचक म्हणजे रोज डोळ्यांसमोर वावरणारी मुले. कोण घरच्या आठवणीने रडले, कोणाचे कशात लक्ष नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक.

गुरुजींचा आवाज इथे घडला, असे माझे ठाम मत आहे. ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून झाली. तिच्या प्रकरणांना त्यांनी ‘रात्र’ म्हटले आहे: श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो आणि ते ऐकतात. समोर ओळखीची माणसे बसलेली आहेत, हे त्या पुस्तकाच्या प्रत्येक वाक्याला माहीत असते. पुढे 15 ऑगस्ट 1948 रोजी ‘साधना’ साप्ताहिक निघाले. त्यातून त्यांनी पुतणीला, सुधाला, पत्रे लिहिली. महाराष्ट्रभर वाचली गेली तरी ती सुधाचीच राहिली.

त्याआधी शंभर वर्षे लोकहितवादींनी हेच वेगळ्या स्वभावाने केले होते. 1848 पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांची शतपत्रे येऊ लागली; भरली एकशे आठ. वय पंचविशीचे, भाषा तिखट, आणि रोख स्वतःच्याच जातभाईंच्या आळसावर नि पाठांतरावर. गुरुजी जवळ घेतात, लोकहितवादी खडसावतात. पण दोघेही कोणाशी बोलतो आहोत हे एकदा ठरवतात आणि मग ते बदलत नाहीत. आवाज टिकतो तो एवढ्यामुळे. शैली घोटून तो येत नाही.

आता आपल्याकडे वळू. 1956 साली मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूरहून कितीतरी मराठी कर्मचारी इथे आले; पुढे भेलच्या कारखान्याने आणखी घरे आणली. त्या घरांतली आजी वऱ्हाडी बोलते. नातू हिंदी शाळेत शिकला, त्यामुळे देवनागरी सरसर वाचतो, पण मराठी वाक्यावर अडखळतो. अशा वस्तीत आपले मासिक पत्रक जाते ते ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ असे म्हणत! कोण कळवतो आहे? कोणाला? त्या नातवाने ते का वाचावे?

माझे मागणे साधे आहे. वर्षभर पत्रक एकाच व्यक्तीने लिहावे, खाली नाव घालावे आणि त्या नातवाला उद्देशून लिहावे. पिपलानीच्या बाजारात काय दिसले, गणपतीच्या आरतीत कोणाला कुठले कडवे येईना, हेही त्यात यावे. एखाद्या महिन्यात सवड नसेल तर चार ओळी चालतील, पण ठरल्या तारखेला. समितीने शुद्धलेखन जरूर तपासावे. वाक्ये मात्र सपाट करू नयेत.

तो लिहिणारा थांबला तर? 11 जून 1950 रोजी गुरुजी गेले. ‘साधना’ चालू राहिली. पुढे यदुनाथ थत्ते यांनी दीर्घकाळ तिचे संपादन केले, आणि त्यांनी स्वतःच्या आवाजात लिहिले.