कौतुक आणि हक्क
(तळेगाव दाभाडे येथील भाषण)



पळवणकर बाळू हे चांभार समाजातील थोर गोलंदाज. येथून जवळच, पुण्यात, त्यांच्या गोलंदाजीवर जिंकणारे सवर्ण सोबती त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, तेव्हा ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या चांभार बंधूंना संघात घेतल्याची वाखाणणी केली. परंतु बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी जातीमुळे होणारा अन्याय जाहीर पत्रक काढून मांडला आणि संघ सोडला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले.

तुमच्या मुलाच्या खेळाचे उद्या वृत्तपत्रे कौतुक करतील. तेव्हा एवढेच विचारा: कर्णधार निवडताना त्याचे नाव निघते काय?