निर्दोष सुख



“सुख म्हणजे काय?” असा प्रश्न मुलाने वा मुलीने केला, तर ‘आधी अभ्यास कर’ म्हणून तो टाळू नका. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील काही तरुण-तरुणींनी याच प्रश्नावर नुकतीच एक बैठक घेतली आणि मला निव्वळ श्रोता म्हणून बोलाविले. वकिलास गप्प बसविणे ही त्यांची पहिली कामगिरी होय!

उल्हासनगरचा सिंधी तरुण म्हणाला, स्वतःचे दुकान हेच सुख. त्याचे पणजोबा फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकीत येऊन राहिले; त्या छावणीलाच १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावलेल्या घराण्यास मालमत्ता हे सुख वाटावे, यात नवल ते काय? बदलापूरच्या मुलाला मुंबईहून परतताना गाडीत बसावयास जागा मिळाली तरी पुरे होते. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतील एका तमिळ कामगाराची कन्या म्हणाली, वडिलांचे कर्ज फिटले तो दिवस सुखाचा. शेवटी आपली एक बौद्ध भगिनी बोलली : “भाड्याची खोली पाहावयास गेल्यावर आडनाव कोणी विचारू नये.”

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. अंगुत्तर निकायात ती आढळतात. कष्टाने व न्यायाने मिळविलेले धन असणे, त्याचा उपभोग घेऊन सत्कर्म करणे, कोणाचे ऋण नसणे आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असणे. पहिली तिन्ही चौथ्याच्या सोळाव्या अंशाच्याही मोलाची नाहीत. जुन्या हिशेबाने, रुपयातला एक आणाही नव्हे!

दुकान आणि कर्ज यांची जागा या चारांत सहज सापडते. आपल्या भगिनीचे सुख मात्र दुसऱ्याच्या निर्दोषपणावर अवलंबून आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेस आडकाठी करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु “खोली कालच दिली हो” असे हसून सांगणाऱ्याविरुद्ध पुरावा कोठून आणावा? येथे माझी वकिली थिटी पडते, हे प्रांजळपणे सांगतो.

सिंधी तरुण बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, “आमचीही एक खोली भाड्याने असते. हा प्रश्न मी घरातच ऐकला आहे.” ती रिकामी होईल तेव्हा वडिलांशी आपण स्वतः बोलू, असे त्याने सांगितले.

इतक्यात तमिळ मुलीने आपल्या भगिनीस विचारले, “तुमच्याकडे सोयरीक जुळविताना पोटजात पाहत नाहीत ना?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या घरी काय आहे? आपल्या भगिनीने खोटे सांगितले नाही. “पाहतात,” ती म्हणाली, “माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी पाहिली.”

पुढची बैठक तिच्याच घरी घ्यावी, असे ठरले आहे. आईची परवानगी अद्याप मिळावयाची आहे.