दोन रुपयांची उचल



बंगालातल्या निळीच्या बंडाची गोष्ट निघाली की गोऱ्या मळेवाल्याचे लाठीवाले आणि कोठीत डांबलेले शेतकरी आठवतात. ते सारे खरेच आहे. पण १८५९ साली नदिया, जेसोरकडचा शेतकरी का उठला हे समजायचे तर कोठीची वही उघडावी लागते.

बिघ्याला दोन रुपये उचल. कागदावर अंगठा उठला की गावातली चांगली जमीन निळीखाली गेली. बियाणे खात्यावर नावे, गाडीभाडे नावे, स्टँपकागदाचा खर्चसुद्धा नावे! पेंढ्या मोजायची साखळी कोठीच्या माणसाच्या हातात. तो आवळेल तेवढी पेंढी. हिशेबाअंती बाकी शेतकऱ्याकडेच निघायची आणि बाप मेला की मुलाच्या नावावर चढायची. आपल्याकडच्या ऊसतोड्याला उचल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, म्हणून एक सांगतो. नीळ हे शेंगवर्गातले झाड. रंग काढून उरलेला चोथा खत म्हणून चांगला. पिकाला शिव्या देऊन उपयोग नाही. बंगालात वसंतात नीळ पेरायची तेव्हाच आउस भाताची पेरणी यायची, तीही त्याच रानात. १८५० नंतर भाताचे भाव चढत गेले, निळीच्या पेंढीचा दर मात्र जागचा हलला नाही. पोटाचे पीक सोडून तोट्याचे पीक कोण खुशीने लावील?

अशात बारासातचे मॅजिस्ट्रेट अॅशली ईडन यांनी, आपल्या शेतात काय पेरायचे ते रयतेने ठरवावे, असा हुकूम काढला. बातमी गावोगाव गेली. चौगाछाच्या विश्वास बंधूंनी, दिगंबर आणि विष्णुचरण यांनी, लोकांना उभे केले. सरकारने १८६० मध्ये करार मोडणाऱ्याला तुरुंगाचा कायदा केला. लोक तुरुंगात गेले, पण नीळ पेरली नाही. त्याच वर्षी नेमलेल्या चौकशी आयोगाने रयतेचीच तक्रार खरी ठरवली.

बंगालातल्या कोठ्या मोडल्या. बिहारात चंपारणला मात्र बिघ्यातले तीन कठ्ठे निळीला देण्याची सक्ती राहिलीच. पुढे १८९७ पासून जर्मनीची रासायनिक नीळ बाजारात आली आणि धंदा बसू लागला. तेव्हा मळेवाल्यांनी शेतकऱ्याला निळीतून मोकळे केले, पण त्या मोकळिकीबद्दल खंड वाढवून घेतला.