महाग संगणक : किंमत आणि काम



महाग यंत्र तेच उत्तम यंत्र, हा समज खरेदीपूर्वी कसोटीला लावला पाहिजे. ॲपल कंपनीने जून २०२३ मध्ये दोन व्यावसायिक संगणक जाहीर केले. अमेरिकेत ‘मॅक प्रो’ची किंमत ६,९९९ डॉलरपासून होती, तीच एम-२ अल्ट्रा चिप असलेला ‘मॅक स्टुडिओ’ ३,९९९ डॉलरपासून मिळे. गणनशक्ती दोहोंची सारखी. स्मृतीची, म्हणजेच मेमरीची, कमाल मर्यादाही १९२ गिगाबाइट. जादा तीन हजार डॉलरांत मिळत होत्या त्या मुख्यतः जोड-कार्डे बसविण्याच्या सहा मोकळ्या खाचा. ध्वनिमुद्रण वा चित्रफितींच्या कामासाठी ज्यांना अशी कार्डे नित्य लागतात, त्यांना हा खर्च सार्थ ठरे. इतरांना तो रिकाम्या गोठ्याचे भाडे भरण्यासारखा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. २०१९ च्या मॅक प्रोमध्ये स्मृती मागाहून वाढविता येई. २०२३ च्या या दोन्ही यंत्रांत ती खरेदीच्या वेळीच ठरवावी लागे.

म्हणून शाळा, पंचायत वा कार्यालय यांनी प्रथम कामांची यादी करावी, त्या कामांस यंत्राचा कोणता गुण लागतो ते पाहावे आणि मगच दरपत्रके मागवावीत. लोकांचा पैसा लोकांच्या कामी आला, तरच खरेदी सार्थकी लागली असे म्हणता येईल.