गाडीची मुदत आणि अपिलाची तारीख

(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षेपाने)

वाद तसा साधा आहे. अपंग माणसाचा भत्ता सरकारनं बंद केला, त्यानं अपील केलं. निकाल लागेपर्यंत त्या भत्त्यावर घेतलेली गाडी त्याच्या दारात राहू द्यायची की नाही? ब्रिटनमध्ये यावर बरीच भांडाभांडी झाली आहे.

योजनेचं नाव ‘मोटॅबिलिटी’. त्याआधी तिथं सरकार अपंगांना फिकट निळी तीनचाकी देत असे, ‘इनव्हाकार’. आत एकच आसन. बायकोला किंवा मुलाला कुठं न्यायचं तर त्यांनी बसनं यावं! पुढं प्रवासासाठी रोख भत्ता सुरू झाला आणि 1977 मध्ये मोटॅबिलिटी उभी राहिली. भत्त्याची रक्कम सरकारी खात्यानं थेट योजनेकडे वळती करायची आणि त्या बदल्यात तीन वर्षांसाठी नवी गाडी मिळायची. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं त्यातच. व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी गाडी असेल तर पाच वर्षं. आपल्याकडे स्वतःच्या खिशातून स्कूटरला दोन जादा चाकं बसवून घेणारे अनेकजण तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यासमोर ही योजना सांगताना मला संकोच वाटतो, इतकी ती चांगली आहे.

पण मेखही तिथंच आहे. हप्ता माणूस भरत नाही, त्याचा भत्ता भरतो. भत्ता थांबला की कराराचा आधारच गेला.

2013 पासून जुना भत्ता मोडीत काढून नवा आणला गेला आणि फेरतपासणी सुरू झाली. पूर्वी चालण्याच्या बाबतीत साधारण 50 मीटरचा अंदाज धरत. नव्या नियमात ते अंतर 20 मीटरवर आलं, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसट्यांएवढं. त्याच्या पुढं जाता येत नसेल तर 12 गुण आणि भत्त्याचा वरचा दर. 20 ते 50 मीटर साधनाच्या आधारानं जमत असेल तर 10 गुण आणि खालचा दर. खालच्या दरावर गाडी नाही. दोन गुणांत गाडी गेली. आणि तपासणाऱ्यासमोर त्या दिवशी तुम्ही कसे चाललात, यावर बरंच काही अवलंबून.

सुरुवातीला गाडी परत करायला तीन आठवडे मिळत. ओरड झाली, तेव्हा 2017 मध्ये आठ आठवडे झाले. जुन्या भत्त्यावरून आलेल्यांना अपील चालू असताना सहा महिन्यांपर्यंत. पण आधी खात्याकडेच फेरविचाराचा अर्ज करायचा, मग न्यायाधिकरण. यात महिनेच्या महिने जातात. आणि तिथवर पोचलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोक जिंकत आले आहेत! जिंकल्यावर मागची थकबाकी पैशानं मिळते, गाडी मात्र पुन्हा मागवायची. डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर, हातानं दाबायचा ब्रेक, डिकीतला व्हीलचेअर उचलणारा हॉइस्ट हे सगळं नव्या गाडीत नव्यानं बसवून घ्यायचं. तोवर नोकरीवर जायचं कसं?

योजनेची बाजूही ऐकू. पैसे येत नसताना गाडी ठेवली आणि माणूस हरला, तर ती तूट कोणी सोसायची? प्रश्न रास्त आहे. पण 2018 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं या गाड्या पुरवणाऱ्या कंपनीचे हिशेब तपासले, तेव्हा तिची गंगाजळी 2 अब्ज पौंडांच्या वर होती आणि मुख्य अधिकाऱ्याच्या पगार-बोनसवरून संसदेत टीका झाली. एवढा पैसा गाठीला असताना हरणाऱ्या एक-तृतीयांशांच्या काही महिन्यांच्या गाडीभाड्याचं कारण मला पटत नाही. शिवाय चुकीचा निर्णय खात्याचा असेल, तर मधल्या महिन्यांचं भाडं खात्यानंच भरावं. थकबाकी म्हणून ती रक्कम खात्याला शेवटी द्यावीच लागते.

यावर खात्याचं उत्तर ठरलेलं: भत्ता आमचा, करार त्यांचा. कंपनीचं उत्तर: करार आमचा, निर्णय त्यांचा. आणि सहा महिन्यांची ती सवलत होती फक्त जुन्या भत्त्यावरून आलेल्यांना. बाकीच्यांना आठ आठवडे.