रसायनशास्त्राची पदवी कशासाठी?

(एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला रसायनशास्त्र मंडळाच्या उद्घाटनाला बोलाविले, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेणाऱ्या मुलाला घरची माणसे जो प्रश्न विचारतात, ‘हे घेऊन पुढे काय?’, तो मुळात अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. वैद्यकीला किंवा अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही म्हणून इकडे आलेले काहीजण येथे असतील. आपण दुय्यम काही शिकत आहोत, असे त्यांनी मानू नये.

ह्या शास्त्राचा इतिहासच पाहा. १८२४ साली युस्टुस लीबिग जर्मनीतील गीसेनला प्राध्यापक झाला. तोपर्यंत गुरूने प्रयोग करावा आणि शिष्याने पाहावा, अशीच बहुतेक ठिकाणी रीत होती. लीबिगने विद्यार्थ्यांच्या हाती उपकरणे दिली. त्याचा शिष्य हॉफमन लंडनला शिकवू लागला आणि हॉफमनच्या अठरा वर्षांच्या पर्किन नावाच्या विद्यार्थ्याने १८५६ साली डांबरापासून जांभळा रंग काढला. पुढे १८९७ साली कृत्रिम नीळ जर्मन कारखान्यातून बाजारात आली. तिने भारतातील निळीचा भाव पाडला. मळेवाल्यांनी निळीच्या सक्तीतून सोडविण्याच्या मोबदल्यात चंपारणच्या कुळांचे खंड वाढविले, रोख रकमा उकळल्या आणि आपले नुकसान त्यांच्या माथी मारले. १९१७ साली गांधीजी तेथे गेले, त्यामागे हीही कहाणी होती. प्रयोगशाळेत काय घडते ह्याचा हिशेब, प्रयोगशाळा कधी न पाहिलेल्या माणसालाच पुष्कळदा चुकता करावा लागतो.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे वळू. पहिल्या वर्षाला तुम्ही अनुमापन करता. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडावयाचा. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी छटा टिकली की थांबावयाचे. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि रीडिंग वाया जाते. तीन रीडिंगे जुळली पाहिजेत. ही साधी कृती माणसाला स्वतःशी प्रामाणिक राहावयास शिकविते. उत्तर आपल्या इच्छेने येत नाही, ते फ्लास्कमध्ये असते.

परंतु पुष्कळ महाविद्यालयांत काय चालते? चौघांत एक ब्युरेट, रसायने संपलेली, शिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेला आणि पुढची बॅच दारात उभी. मग एकाचे रीडिंग चौघे उतरवून घेतात. तेही जुळले नाही तर उत्तरावरून मागे हिशेब करून ‘बसविले’ जाते. जर्नलवर सही होते. विद्यार्थ्याला ह्यात दोष देणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेने त्याला खरे रीडिंग घेण्याची संधीच दिली नाही, तिचा दोष आधी मोजला पाहिजे. ऐपतवाल्यांच्या मुलांना सुसज्ज प्रयोगशाळा मिळते. कामगाराच्या आणि शेतमजुराच्या मुलाला तेच नाव असलेली पदवी मिळते, मात्र हाताला वळण मिळत नाही.

ह्याचा परिणाम परीक्षेपुरता राहत नाही. तुमच्यापैकी कित्येकजण उद्या तारापूर, महाड, लोटे अशा वसाहतींतल्या कारखान्यांत केमिस्ट म्हणून लागतील. तेथे सांडपाण्याचा नमुना डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लासह दोन तास उकळून, उरलेले डायक्रोमेट पुन्हा अनुमापनानेच मोजतात. त्यावरून रासायनिक ऑक्सिजन मागणी कळते. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी तिची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. आकडा ४०० आला आणि वरून ‘२४० लिहा’ असे सांगण्यात आले, तर काय कराल? कॉलेजात रीडिंग बसविण्याची सवय ज्याला लागली, त्याला येथे फारसे जड जाणार नाही. पिगूने १९२० साली दाखविले होते की उत्पादनाचा सगळाच खर्च उत्पादकाच्या वहीत येत नाही. आमच्याकडे तो खाडीतल्या कोळ्याच्या रिकाम्या जाळ्यात आणि विहिरीच्या पाण्यात येतो. तो वहीत आणण्याचे पहिले साधन म्हणजे तुमच्या हातातली ब्युरेट.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला मिथिल आयसोसायनेटने हजारोंचे प्राण घेतले. कारखान्यात काय साठविले आहे आणि ते बाहेर आल्यास काय करावे, हे शेजारच्या वस्तीला कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देण्याचे बंधन मालकांवर आले. हा हक्क मोलाचा आहे. तरीही २०१६ आणि २०२४ साली डोंबिवलीत रासायनिक कारखान्यांचे स्फोट झाले व माणसे मेली. माहितीचा कागद भिंतीवर लागला, पण तो वाचून अर्थ सांगणारा कामगारांच्या बाजूला कोणी नसेल, तर हक्क कागदावरच राहतो. कामगार संघटनांनी आपल्याच वस्तीतली बी.एस्सी. झालेली मुले-मुली ह्या कामासाठी हाताशी धरली पाहिजेत.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. शासनाने शिक्षकांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे उपकरण मिळेल इतके अनुदान द्यावे. हा खर्च सार्वजनिक आरोग्यावरचाच खर्च आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे मागणी एवढीच, की चुकलेले रीडिंग चुकलेले म्हणून लिहा. त्यासाठी कदाचित दोन गुण जातील. पण पुढे एखाद्या गावाचे पाणी तुमच्या सहीवर अवलंबून असेल, तेव्हा ती सही खरी निघेल. ‘हे घेऊन पुढे काय?’ ह्या प्रश्नाला तुम्ही दिलेले ते उत्तर असेल.